पहिल्याच लेव्हलला ऑल-इन आला: कॉल करावा की सोडावा?

सोलापुरात पत्ते कुणाला शिकवावे लागत नाहीत. दिवाळीत तीन पत्ती, सुट्टीत रमी, हुरड्याला शेतात गेलं तरी कुणाच्या तरी पिशवीतून कॅट निघतोच. पोकर मात्र बहुतेकांनी मोबाइलवर शिकून घेतला. २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ बंद झाले, तेव्हापासून इथल्या हौशी मंडळींना दोनच जागा उरल्यात. एक जुळे सोलापुरातली कुणाची तरी गच्ची, नुसत्या चिप्सवर (पैसे लावले तर १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आहेच). दुसरी पणजीचा कॅसिनो, तीही एकवीस वर्षं पूर्ण असतील तर. दोन्हीकडे एकच प्रश्न पडतो आणि माझ्या मते दोन्हीकडे त्याचं उत्तर वेगळं आहे.

प्रश्न असा. पहिली लेव्हल (स्पर्धेचा पहिला टप्पा), ब्लाइंड, म्हणजे पत्ते बघण्याआधी दोघांनी सक्तीने घालायच्या चिप्स, ५०-१००, सगळ्यांकडे दहा-दहा हजार चिप्स. समोरचा पत्ते बघतो आणि सगळा ढीग पुढे ढकलतो, म्हणजेच ऑल-इन. मधे तुमच्यापर्यंत सगळ्यांनी पत्ते टाकलेत. तुमच्या हातात राण्यांची जोडी. कॉल करायचा, म्हणजे तेवढ्याच चिप्स घालून पत्ते उघडायचे, की पत्ते टाकायचे?

नुसत्या चिप्सचा हिशेब सोपा आहे. दहा हजार घालायचे, जिंकलात तर वीस हजार दीडशे हातात येणार. म्हणजे जिंकण्याची शक्यता पन्नास टक्क्यांच्या आसपास असली की कॉल परवडतो. तीन पत्ती खेळणारा इथेच थांबतो, कारण तिथे आपल्यापुढचे पैसे संपले की खिशात हात घालून परत बसता येतं. फ्रीझआउट स्पर्धेत चिप्स संपल्या की खुर्ची सोडायची.

या खुर्चीची किंमत काढता येते. समजा गोव्यात नऊ जणांचं एकच टेबल आहे, प्रत्येकाचे हजार रुपये, कॅसिनोची फी वेगळी. बक्षीस नऊ हजारांचं: पहिल्याला ४५००, दुसऱ्याला २७००, तिसऱ्याला १८००. पत्ते वाटण्याआधी तुमच्या दहा हजार चिप्सची किंमत हजार रुपये. पहिल्याच डावात कॉल करून जिंकलात तर चिप्स दुप्पट होतात, किंमत होत नाही. चिप्सच्या प्रमाणात प्रत्येक क्रमांकाची शक्यता धरून हिशेब मांडला, ज्याला आयसीएम म्हणतात, तर ती निघते सुमारे १८२५ रुपये. बाकीचे पावणेदोनशे गेले कुठे? डावात नसलेल्या सात जणांकडे, प्रत्येकी पंचवीस. एक भिडू कमी झाला म्हणून बसल्या जागी मिळाले त्यांना. तुम्ही हजार पणाला लावून १८२५ मिळवू बघताय, तेव्हा जिंकण्याची शक्यता साधारण ५५ टक्के तरी हवी. ब्लाइंडची चिल्लर धरली तर किंचित कमी.

पन्नास आणि पंचावन्न, फरक फारसा वाटत नाही. पण सुरुवातीचे बरेचसे अवघड कॉल नेमके या पाच टक्क्यांत अडकलेले असतात.

आता समोर कोण बसलंय ते बघू. घट्ट खेळणारा असेल तर ढीग ढकलताना त्याच्याकडे एक्के, राजे, राण्या यांची जोडी किंवा एक्का-राजा असणार. सैल असेल तर दश्शीपासून वरची कुठलीही जोडी, शिवाय एक्का-राजा आणि एक्का-राणी. मी कॉम्बिनेशन मोजून काढलेले अंदाजे आकडे असे:

| तुमचा हात | घट्ट भिडूसमोर | सैल भिडूसमोर |
|---|---|---|
| एक्के | ८४ टक्के | ८० च्या वर |
| राजे | ५७ | ६८ |
| राण्या | ४० | ५५ |
| एक्का-राजा | ३९ | ५० |

राण्यांची ओळ पुन्हा वाचा. हात तोच, पण एका माणसासमोर सरळ तोट्याचा आणि दुसऱ्यासमोर बरोबर काठावरचा. एक्का-राजा दिसायला राजबिंडा, पण अशा वेळी कॉल करायला दोघांसमोरही कमीच पडतो. तोच हात घेऊन आपण आधी ढीग ढकलला तर समोरचा पत्ते टाकण्याची शक्यताही आपल्या बाजूने असते. कॉल करणाऱ्याला ती सवलत नाही, त्याला पत्ते उघडून जिंकावंच लागतं. राण्यांसमोर एक्का-राजा धरला तर रंग वेगळे असताना ४३ टक्के, एका रंगाचे असताना ४६. दोन्ही आकडे पंचावन्नच्या खाली.

म्हणून गोव्याच्या फ्रीझआउटमध्ये, पहिल्या तासात, अनोळखी माणसाच्या पूर्ण ऑल-इनला माझा सल्ला: एक्के आणि राजे कॉल, राण्या शक्यतो टाका, एक्का-राजा टाकाच. मधे आणखी कुणी कॉल केला असेल तर राण्यांचा विचारही नको. आणि एक्के हरले म्हणून कॅसिनोच्या नावाने बोटं मोडू नका. ८४ म्हणजे साधारण सहा वेळांतून एकदा जायचंच.

कॉलच्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणंही अगदीच पोकळ नाही. लवकर दुप्पट झालेला स्टॅक (चिप्सचा ढीग) पुढे दोन-चार चुका पचवतो, टेबलावर दबाव टाकता येतो. शंभर-दोनशे जणांच्या स्पर्धेत तर सुरुवातीला आयसीएमचा फटका बराच कमी असतो, तिथे पन्नासच्या थोडं वर असलं तरी गणित जुळतं. सगळं बक्षीस एकट्या विजेत्याला असेल तर पन्नासला पन्नासच. पण मोठ्या स्पर्धेत कच्चे भिडूही जास्त असतात आणि मोठ्या ब्लाइंडच्या शंभरपट स्टॅक घेऊन त्यांच्यासमोर तासन्‌तास खेळता येतं. ती संधी एका नाणेफेकीवर का उधळायची? अट एकच, तुम्ही खरंच टेबलापेक्षा सरस असायला हवं. ‘मी चांगला खेळतो म्हणून थांबतो’ असं म्हणणाऱ्यांतले निम्मे भीतीपोटी थांबलेले असतात, असं आपलं माझं निरीक्षण. अशा माणसाने राजे टाकणं ही काही शिस्त नव्हे.

ऑल-इन करणाऱ्याकडे दीडच हजार चिप्स उरल्या असतील तर हा सगळा ऊहापोह बाजूला ठेवा. हरलात तरी साडेआठ हजार हातात राहतात. तिथे दश्श्यांची जोडी किंवा एक्का-राणी घेऊन बिनधास्त कॉल करावा.

गच्चीवरचं चित्र उलटं. बाहेर पडलेल्याच्या गळ्यात पत्ते पिसायचं आणि वाटायचं काम येतं, एवढीच शिक्षा. शिवाय दुसऱ्यांदा चिप्स घेऊन बसता येतंच. त्यामुळे ऑल-इनही कशावरही येतो, अगदी किलवरच्या अठ्ठ्या-नव्वीवर. मागून आवाज असतोच, ‘टाक की बे, काय घर जातंय का!’ अशा टेबलावर दश्श्या टाकून बसणारा नुसता वेळ घालवतो. इथे दश्श्या, गुलाम, राण्या, एक्का-राजा, सगळे कॉल. बक्षीस पहिल्यालाच असेल तर आणखी सैल.

धोका आहे तो गच्चीची सवय पणजीला नेण्यात. आठवड्यामागून आठवडे एक्का-राजावर कॉल करून जिंकलेला हात कॅसिनोतही आपोआप चिप्सकडे जातो. समोरचा मात्र प्रवेश फी भरून बसलेला, पहिल्या लेव्हलला उगाच शंभर ब्लाइंड ढकलणारा नसतो.

गोव्यातल्या स्पर्धेला रि-एंट्री असेल तर ती या दोन्हींच्या मधली. पुन्हा बसता येतं, पण दुसऱ्यांदा पूर्ण फी भरून. खिशात दोन एंट्रींचे पैसे आधीच बाजूला काढलेले असतील तर सैल भिडूसमोर राण्या कॉल करायला माझी हरकत नाही. एकाच एंट्रीपुरते असतील तर तुमच्यासाठी ती स्पर्धा फ्रीझआउटच समजा. बसण्यापूर्वी काउंटरवर दोन गोष्टी विचारून घ्या: रि-एंट्री कितव्या लेव्हलला बंद होते, आणि बक्षीस किती जणांत वाटलं जातं.