बोक्याची लघवी तुंबू नये म्हणून काय खायला द्यावं? दाणे, पाऊच, घरचं खाणं की डॉक्टरांनी लिहून दिलेलं

बोक्याची मूत्रनलिका टोकाकडे इतकी निमुळती होते की रेतीसारखे स्फटिक आणि चिकट स्राव यांची एवढीशी गुठळी तिला बूच मारते. मादीची नलिका आखूड आणि रुंद असते, त्यामुळे तिला जळजळ झाली तरी लघवी पूर्ण तुंबणं क्वचितच घडतं. खाणं निवडताना पिशवीवरचं नाव नंतर बघा. त्या खाण्याबरोबर पोटात पाणी किती जातं, ते आधी बघा. लघवी जितकी घट्ट, तितके त्यात स्फटिक धरायला सोपे.

हिशेब असा. चार किलोच्या, नसबंदी झालेल्या, घरातच राहणाऱ्या बोक्याला दिवसाला साधारण २०० किलोकॅलरी लागतात आणि खाण्यापिण्यातून मिळून २०० मिलिलिटरच्या आसपास पाणी लागतं. सगळं दाण्यांवर, म्हणजे पिशवीतल्या तयार कोरड्या खाण्यावर, भागवलं तर ५० ते ५५ ग्रॅम दाणे होतात आणि त्यात पाणी असतं पाचेक मिलिलिटर. उरलेलं त्याने वाटीतून प्यायला हवं, पण दाण्यांवरची बहुतेक मांजरं तेवढं पीत नाहीत. त्याच कॅलरी तयार ओल्या खाण्याच्या ८० ग्रॅमच्या तीन पाऊचमधून दिल्या तर त्यात ८० टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, म्हणजे १९० मिलिलिटर आपसूक पोटात. हा फरक एकट्याने बाकी सगळ्या फरकांवर मात करतो.

अडचण पैशाची आहे. रोजचे तीन पाऊच दाण्यांच्या कितीतरी पट महाग पडतात. म्हणून निरोगी बोक्यासाठी आम्ही मधला रस्ता सुचवतो: २५ ग्रॅम दाणे वजनकाट्यावर मोजून, दीड पाऊच दोन वेळांत विभागून, आणि प्रत्येक वेळी त्यात दोन मोठे चमचे कोमट पाणी कालवून. अशाने दीडशे मिलिलिटरच्या आसपास पाणी खाण्यातूनच जातं. दाणेच परवडत असतील तर ते तेवढ्याच वजनाच्या पाण्यात वीस मिनिटं भिजवा. सांगलीच्या एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात भिजलेले दाणे किंवा उघडा पाऊच तासाभरापेक्षा जास्त बाहेर ठेवू नका, आंबतो. उरलेला पाऊच झाकून फ्रिजमध्ये ठेवा आणि देताना डबी गरम पाण्यात धरा. गारढोण अन्नाला मांजर तोंड लावत नाही.

पाऊच घेताना मागची बारीक अक्षरं वाचा. ‘संपूर्ण आणि संतुलित आहार’ या अर्थाचं वाक्य हवं. ‘पूरक’ असं लिहिलेले मऊ, क्रीमसारखे प्रकार खाऊ म्हणून ठीक आहेत, जेवण म्हणून नाहीत.

आता घरचं खाणं. दूध-चपाती किंवा दूध-भात हा या यादीतला सर्वांत कमकुवत पर्याय. धान्यावर पोसलेल्या मांजराची लघवी अल्कधर्मी होते आणि स्ट्रुव्हाइट नावाचे स्फटिक अशाच लघवीत धरतात. शिवाय अशा खाण्यात टॉरिन नावाचं पोषकद्रव्य जवळपास नसतं, जे मांजराच्या हृदयाला आणि डोळ्यांना लागतंच. घरात मांसमच्छी शिजत नसेल तर पाऊच हाच सरळ मार्ग. बाजारातली सुकट आणि बोंबील बोक्याला प्रिय, पण त्यांत पाणी नाही, मीठ आणि मॅग्नेशियम मात्र भरपूर. ती बंदच करा. नुसतं उकडलेलं चिकनही पूर्ण आहार नव्हे, कारण त्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळपास नाही. दिवसाला १२-१५ ग्रॅम तुकडे आणि मीठ, कांदा, लसूण न घालता केलेलं ३०-४० मिलिलिटर पाणी, एवढं खुशाल द्या. उकडताना टॉरिन त्या पाण्यात उतरतं, म्हणून ते ओतून देऊ नका.

एकदा त्रास होऊन गेलेल्या बोक्याचं गणित वेगळं. इथे नावांचा घोळ होतो. रॉयल कॅनिनचं ‘युरिनरी केअर’ दुकानात सहज मिळतं, ते प्रतिबंधासाठी. त्याच कंपनीचं ‘युरिनरी एस/ओ’ हे उपचाराचं अन्न, आणि ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्यायचं. हिल्सचं ‘सी/डी’ आणि फार्मिनाचं ‘व्हेट लाइफ स्ट्रुव्हाइट’ त्याच वर्गातली. ही अन्नं लघवी आम्लधर्मी ठेवतात आणि स्ट्रुव्हाइटचा खडा बऱ्याचदा काही आठवड्यांत विरघळवतात. कॅल्शियम ऑक्झलेटचा खडा मात्र कुठल्याच अन्नाने विरघळत नाही. १९८०च्या दशकानंतर मॅग्नेशियम कमी केलेली, आम्ल वाढवणारी अन्नं रुळली, तसे स्ट्रुव्हाइटचे खडे घटले आणि ऑक्झलेटचे वाढले. म्हणून लघवीची तपासणी आणि एक्स-रे झाल्याशिवाय ‘युरिनरी’ लिहिलेली पिशवी उचलू नका. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असलेल्या बोक्याला, तसंच पिल्लांना ही अन्नं चालत नाहीत. चालू केलं की दुसरं काहीच द्यायचं नाही, एक बिस्किटसुद्धा नाही. त्यातही पाऊच मिळत असेल तर दाण्यांपेक्षा पाऊच घ्या.

बदल सात ते दहा दिवसांत करा: आधी पाव हिस्सा नवीन, मग अर्धा. ‘भूक लागली की खाईल’ म्हणून उपाशी ठेवू नका. लठ्ठ बोका दोन-तीन दिवस जेवला नाही तरी यकृतावर चरबी चढते.

अनेक बोक्यांत खडाही नसतो आणि जंतुसंसर्गही नसतो, मूत्राशय ताणानेच सुजतं. दिवाळीचे फटाके, गणपतीतले स्पीकर, घरात आलेलं नवं मांजर. अशा दिवसांत पाणी वाढवा, लपायला शांत खोली द्या आणि मांजरांच्या संख्येपेक्षा शी-शूचा एक ट्रे जास्त ठेवा.

बोका पुन्हा पुन्हा ट्रेवर जाऊन कुंथतोय, ओरडतोय, खालची जागा चाटतोय आणि थेंबही येत नाही, तर ती ‘उन्हाळी’ नव्हे आणि बद्धकोष्ठही नव्हे. सब्जा, धण्याचं पाणी, एरंडेल यांत एक तासही घालवू नका. लघवी तुंबली की रक्तात पोटॅशियम चढतं आणि एक-दोन दिवसांत हृदय बंद पडू शकतं. आपल्या सांगली-सातारा भागातले बरेच पशुवैद्यकीय दवाखाने गाई-म्हशींचे, म्हणून आजच दोन-तीन ठिकाणी फोन करून विचारून ठेवा: बोक्याला भूल देऊन कॅथेटर (लघवी काढायची नळी) घालता का, रात्री कोण असतं? साताऱ्याहून शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय महामार्गाने सुमारे तासाभरावर आहे. सांगली-मिरजकरांना ते फार लांब पडतं, त्यांनी गावातलाच नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवावा.