चांदी खरी, नाव खोटं

जुनी युद्धपदकं घेणाऱ्याला फसवायला खोटी चांदी लागत नाही. माझ्या गळ्यात मारलेलं पदक अस्सल होतं. सराफानं कसोटीवर घासून चांदी खरी असल्याचं सांगितलं, आणि तरीही 14 हजार रुपये बुडाले.

छत्रपती संभाजीनगरात छावणीच्या बाजारातून ओळख झालेला हा माणूस. पन्नाशीचा, बोलायला गरीब. आधी पितळी बटणं आणि टोपीचा एक बिल्ला किरकोळ भावात दिला, वस्तू चोख. मग मुक्तिसंग्राम दिनाच्या तोंडावर फोन आला : "सर, आमच्या आज्याचं मेडल हाय. बसऱ्याच्या लढाईत होते ते, निजामाच्या पलटणीत. पोरीची फी भरायची म्हणून इकायलो, नाहीतर कोण इकतंय?" शेजारी बसलेला दुसरा लगेच म्हणाला, मुंबईची पार्टी 20 हजार द्यायलीय. हा दुसरा त्याचाच साथीदार, हे नंतर कळलं. पावती मागितली तर "घरच्या वस्तूची कसली पावती, सर?"

पदक 1914-18चं ब्रिटिश वॉर मेडल. साठ लाखांहून जास्त वाटली गेली ही, त्यामुळं अनोळखी नावाच्या पदकाला चांदीपेक्षा फार भाव येत नाही. भाव असतो तो कडेवर ठोकलेल्या नंबर, हुद्दा, नाव आणि पलटणीला. तीच कड घासून या लोकांनी भलत्याच शिपायाचं नाव पुसलं आणि आपल्याकडचं आडनाव कोरलं, पुढं '19 हैदराबाद रेजिमेंट'.

इथंच चोर सापडला. 19वी हैदराबाद रेजिमेंट उभी राहिली 1922 साली, 94, 97, 98 अशा जुन्या नंबरांच्या पलटणी एकत्र करून. पहिल्या महायुद्धाच्या पदकावर '97 इन्फंट्री' असं काहीतरी हवं होतं. शिवाय ती रेजिमेंट ब्रिटिश हिंदुस्थानी सैन्याची. 1945 साली तिचंच नाव कुमाऊँ रेजिमेंट झालं. निजामाचं स्वतःचं सैन्य वेगळं. 1948च्या पोलीस ॲक्शनमध्ये भारतीय फौजेसमोर उभं होतं ते हे दुसरं. आज्याला दोन्हीकडं एकदम भरती करून ठेवलं होतं पठ्ठ्यानं!

मेव्हणा वाळूजला टूलरूममध्ये आहे. त्यानं व्हर्नियर लावला. व्यास 36 मिलिमीटर हवा, तो अर्ध्या मिलिमीटरनं कमी भरला आणि तोही सगळीकडं सारखा नाही. भिंगाखाली अक्षरं बघितली. सरकारी अक्षरं ठशानं दाबलेली असतात, तळ सपाट असतो. ही सुईसारख्या हत्यारानं खरवडलेली होती, खाचा अजून चकाकत होत्या. शंभर वर्षांची मळ खाचेत नाही आणि पदकावरच्या राजाच्या मानेखाली मात्र आहे, हे कसं?

त्याच माणसानं माझ्या मित्राला 'पहिल्या महायुद्धाचा' लोखंडी टोप विकलाय, आत 1917चा शिक्का. त्या काळच्या ब्रिटिश टोपाचा घुमट मँगनीज पोलादाचा असायचा, त्याला चुंबक जवळजवळ धरत नाही. फक्त काठाची पट्टी साध्या पोलादाची. मित्राच्या टोपाला फ्रिजवरचं चुंबक कुठंही लावा, टक्कन चिकटतं.

पोलीस चौकीत पहिला प्रश्न पावतीचाच आला. पैसे रोख दिलेले, त्याचा नंबर बंद. तरी लेखी तक्रार देऊन पोच घेतली आहे. अजून कुणी फसलं असेल तर त्यांनीही द्यावी, एकट्याच्या कागदाला तिथं वजन येत नाही.

सध्या तो नांदेड-लातूरकडं नव्या नंबरावरून 'बर्मा स्टार' दाखवतोय, हाही आज्याचाच. दुसऱ्या महायुद्धाच्या या ताऱ्यांवर ब्रिटिश शिपायांची नावं सरकार घालत नसे, पण हिंदुस्थानी शिपायाला मिळालेल्या ताऱ्याच्या पाठीवर नंबर-नाव सहसा असतं. त्यानं पाठवलेल्या फोटोत पाठ कोरी आहे.