उडप्याकडचा मेदूवडा: साडेनऊच्या आत चार तारे, नंतर दोन

जोगेश्वरी स्टेशनच्या पूर्वेला, बाजाराच्या गल्लीत हे हॉटेल आहे. नाव देत नाही, कारण पुढे तक्रार आहे आणि शेटचं तोंड मला रोज बघायचंय.

आधी वडा. सकाळी आठचा घाणा अप्रतिम. बाहेरून कुरकुरीत, आत मऊ, मध्येच मिरी आणि खोबऱ्याचा तुकडा दाताखाली येतो. सांबारात गूळ नाही, हे मी मुद्दाम लिहितोय. साडेनऊनंतर मात्र उरलेले वडे परत तेलात जातात. कड काळपट होते, बोटं तेलकट होतात, आणि चटणीत तर पाणीच जास्त. वरच्या एसीत तोच वडा पंधरा रुपयांनी महाग.

मी बेस्टमधून रिटायर झालेला कंडक्टर. दर रविवारी आठला मी, बंड्या आणि नाना बेसिनजवळच्या टेबलावर. वीसेक वर्षं झाली असतील. आम्ही बसलो की वेटर आतल्या बाजूला ओरडतो, ‘दोन में तीन!’ दोन चहा तीन ग्लासांत असे ओततो की कुणाला घोटभरही जास्त नाही. अशी मोजणी मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

मोजणीवरून आठवलं. 4 जून 2024. आमचा वायव्य मुंबई मतदारसंघ. यंत्रांतली मतं मोजून झाली तेव्हा अमोल कीर्तिकर 4,51,095 आणि रवींद्र वायकर 4,51,094. एका मताचा फरक! मग टपाली मतं धरली आणि वायकर 48 मतांनी निवडून आले. मी मशालवाला, म्हणजे ठाकरेंच्या सेनेचा, कीर्तिकरांच्या बाजूचा; बंड्या धनुष्यबाणवाला, म्हणजे शिंदेंच्या सेनेचा, वायकरांच्या बाजूचा. एके काळी दोघांनी एकाच शाखेत बसून, एकाच पुस्तकावर गणपतीच्या पावत्या फाडलेल्या.

कंडक्टरला असला आकडा झोंबतो. डेपोत हिशेब देताना एक तिकीट इकडचं तिकडे झालं तर पैसे आपल्या खिशातून जायचे. 48 माणसं म्हणजे माझी एक गाडी. रविवारी मी बंड्याला विचारलं, नेस्कोत मोजणीच्या ठिकाणी मोबाईल आत गेलाच कसा? तो म्हणाला, मोबाईलवर ओटीपी घेऊन यंत्र उघडलं ही अफवा आहे, यंत्राला ओटीपी लागतच नाही, अधिकाऱ्यांनी सांगितलंय. ओटीपीचं त्याचं बरोबर होतं. मोबाईलचा माझा प्रश्नही हवेतला नव्हता, वनराई पोलिसांत त्यावर गुन्हा नोंदवला गेला. पण मी तिथे थांबलो नाही. खोक्यांवरून त्याला नको ते बोललो आणि अर्धा वडा टाकून उठलो. (गजानन कीर्तिकर धनुष्यबाणात, मुलगा मशालीत. त्या घरात ताटावर काय बोलणं होत असेल, देव जाणे.)

पुढचे चार रविवार बंड्या नाही. वेटर मात्र ‘दोन में तीन’च ओरडायचा. तिसरा ग्लास नाना गुपचूप संपवायचा.

पाचव्या रविवारी वेटरनेच फडका मारता मारता सांगितलं, ‘वो साहब साढ़े दस बजे आते हैं.’

साडेदहाला! म्हणजे हा माणूस मला टाळायला दुसऱ्यांदा तळलेला वडा आणि ती चटणी खात होता. मला हसू आलं आणि पोटात तुटलंही. त्या दिवशी मी नानाला घेऊन तिथेच बसून राहिलो. बंड्या आला, आम्हाला पाहून दारात घुटमळला, मग बेसिनवर हात धुवायला गेला. बराच वेळ धूत होता.

बसल्यावर कुणीच काही बोलेना. शेवटी नाना म्हणाला, ‘सांगून टाकतो. मी नोटा दाबलं.’

आमच्या मतदारसंघात नोटाला पंधरा हजारांवर मतं पडली होती. निकाल 48चा. बंड्या आणि मी एकदम नानावर तुटून पडलो. बंड्या म्हणे, तुझ्यासारख्यांनी बाण दाबला असता तर हा 48चा ताप झालाच नसता. मी म्हणे, मशाल दाबली असती तर निकालच फिरला असता. पाच आठवड्यांत आमचं पहिल्यांदा एकमत झालं, की बिल नाना देणार. त्याने दिलंही. मी आदल्या महिन्याच्या बोलण्याची माफी मागितली ती नंतर, पुलावर, घरी जाताना. बंड्या ‘असू दे रे’ म्हणाला आणि गुडघ्याचं सांगत बसला.

नोव्हेंबरात विधानसभेला जोगेश्वरी पूर्वेत मशालीचे बाळा नर 1,541 मतांनी आले. हरल्या त्या वायकरांच्या पत्नी, मनीषा वायकर. पुढच्या रविवारी बंड्या बरोब्बर आठला हजर. वडा अख्खा खाल्ला आणि एवढंच म्हणाला, ‘आज चटणी आठलाच पातळ आहे.’ होतीच. डिसेंबरात हायकोर्टाने त्या 48च्या निकालाविरुद्धची कीर्तिकरांची याचिका फेटाळली तेव्हा मी फक्त जास्तीचं सांबार मागितलं. ते फुकट मिळतं, पण मागावं लागतं.

बिल मात्र स्वतः जोडून बघा. घाईत शेट चुकतो. गेल्या महिन्यात एक कॉफी जास्त लावली होती. बंड्या गल्ल्याजवळ ओरडला, ‘शेट, फेरमोजणी!’ आजूबाजूची दोन टेबलं हसली. शेटने निमूट वीस रुपये परत केले.

साडेनऊच्या आत जा. वर बसू नका. रविवारी बेसिनजवळचं टेबल रिकामं दिसलं तरी आठला उठावं लागेल.