समुद्रावरही पेट्रोल मोजणारं ट्रिप प्लॅनर ॲप: वापरानंतरचा अनुभव

ॲपचं वर्ष संपत आलंय, रिन्यूअलची मेल येऊन पडलीये, म्हणून आता सविस्तर लिहायला बसले. रस्ता आखणं, मुक्काम टाकणं, ऑफलाइन नकाशे, खर्चाचा अंदाज ही फीचर्स तुम्हाला माहीत असतीलच, ती परत सांगत नाही. मला बोलायचंय ते फेरीबद्दल, म्हणजे गाड्या नेणाऱ्या बोटीबद्दल. गाडी बोटीवर चढली की हे ॲप जे काही करतं, त्याने आमचा अख्खा बेत चुकीच्या वाटेला लागत होता.

बेत असा. पुतण्या म्युनिकला असतो, गाडी त्याची. आम्ही दोघं, भावजी आणि जाऊबाई बडोद्याहून जाणार. सुरुवात आल्प्समध्ये इन्सब्रुकहून आणि टोक म्हणजे फिनलंडचा सरोवरांचा मुलूख, सायमा सरोवराच्या काठचं सावोनलिन्ना. घरात हिशेब माझ्याकडे असतो, त्यामुळे ॲपही माझ्याच फोनमध्ये.

डोंगरातलं काम ॲपने चोख केलं, हे आधी सांगते. ऑस्ट्रियाच्या मोटरवेला विन्येट, म्हणजे टोलचा स्टिकर, लागतं. ‘टोल टाळा’ केल्यावर त्याने इन्सब्रुकहून सीफेल्ड, मिटेनवाल्ड, गार्मिशवरून म्युनिकचा साधा रस्ता काढून दिला. इन्सब्रुक ५७४ मीटरवर आणि सीफेल्ड ११८० मीटरच्या आसपास. हा चढ सुरुवातीलाच आणि चांगलाच खडा आहे, तोही चढ-उताराच्या आलेखात स्वच्छ दिसला. भरल्या गाडीने कुठे दमायचंय ते पुतण्याला तिथेच कळलं. जर्मनीत कारला टोलच नाही, त्यामुळे पुढची चिंता मिटली.

खरी गोष्ट बाल्टिक समुद्रापाशी सुरू होते. फिनलंडला पोचायचे आमच्यासमोर दोन मार्ग. एक म्हणजे जर्मनीच्या उत्तर किनाऱ्यावरच्या ट्राव्हेम्युंडेपर्यंत जायचं आणि तिथून थेट हेलसिंकीची बोट पकडायची. बोटीत तीसेक तास जातात, गाडी खाली, आपण केबिनमध्ये. दुसरा म्हणजे पोलंडमधून व्हिया बाल्टिका, म्हणजे ई ६७. वॉर्सा ते एस्टोनियातलं टालिन साधारण ९७० किलोमीटर, मध्ये लिथुआनिया आणि लॅटविया, आणि शेवटी टालिन-हेलसिंकी ही दोन-अडीच तासांची छोटी फेरी. ॲपमध्ये दोन्ही टाकले. बोटीचा मार्ग इतका महाग दिसला की भावजींनी तिथल्या तिथे नाही म्हटलं.

मला आकडा पटेना. हिशेब उघडला तर केबिनसकट भाडं मी स्वतः टाकलेलं, ते बरोबर होतं. पण इंधनाच्या रकान्यात समुद्रावरचं हजार किलोमीटरहून जास्त अंतर धरलेलं! गाडी बोटीच्या पोटात बंद उभी, आणि ॲप तिला शंभर किलोमीटरला सात लिटरने पेट्रोल पाजतंय. सत्तरहून जास्त लिटर, युरोपातल्या भावाने सव्वाशे युरोच्या वर. वर ते तीस तास ‘ड्रायव्हिंग’मध्ये मोजून दर दोन तासांनी थांबायची सूचना, भर समुद्रात. आपण पै-पै जोडून असा प्रवास आखतो आणि जे पैसे कधी खर्च होणारच नाहीत त्यांच्यापायी चांगला मार्ग सोडून देतो, याचा मला फार राग आला.

सपोर्टला लिहिलं. उत्तर आलं की फेरीचं अंतर नकाशाच्या डेटामधून येतं. ते मलाही माहीत आहे. नकाशात फेरी रस्त्यासारखीच रेघ म्हणून काढलेली असते, तिला वेळ जोडलेला असतो, आणि मार्ग शोधणारं इंजिन तिला रस्त्याचा तुकडा समजूनच जोडतं. पण ती रेघ फेरीची आहे हे त्याच डेटात लिहिलेलं असतं ना! तेवढं वाचून इंधन शून्य धरायला काय अडचण आहे, यावर त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. ‘आपला अभिप्राय मोलाचा आहे’ एवढंच.

मग घरचा पुरावा दिला. माहेर सुरतेचं, आणि भावनगरला लग्न होतं, तर हजिराहून घोघ्याची रो-रो फेरी धरली. २०१७ साली आधी दहेज-घोघा सुरू झाली होती, ती गाळापायी बंद पडली. हजिराची २०२० पासून आहे. रस्त्याने खंभातच्या आखाताला वळसा घालून ३७० किलोमीटर पडतात, बोटीने नव्वदेक. गाडी आत लावली, गिअरमध्ये टाकून हँडब्रेक ओढला आणि उतरायच्या आधी ट्रिप मीटरचा फोटो घेतला: ३१.४. घोघ्याला परत गाडीत बसले, चावी फिरवली, ३१.४. ॲपने मात्र साडेपाच लिटर पेट्रोल खर्ची टाकलेलं. दोन्ही फोटो आणि ॲपचा स्क्रीनशॉट एकत्र पाठवला.

या मेलला मात्र माणसाने लिहिलेलं उत्तर आलं. काही आठवड्यांनी अपडेटही आलं. आता फेरीचा वेळ ड्रायव्हिंगमधून वेगळा दाखवतात आणि समुद्रातल्या विश्रांतीच्या सूचना गेल्या. इथे माझं मत थोडं बदललं, ऐकणारं कोणीतरी आहे असं वाटलं. पण इंधन? तसंच. मेल परत केली, ‘पुढच्या अपडेटमध्ये’ म्हणाले, पुढचं अपडेट आलं आणि त्यात नकाशाचे रंग बदलले होते.

वेळेचंही अर्धंच झालंय. बोट तिच्या वेळेला सुटते आणि त्याच्या बरंच आधी चेक-इन बंद होतं, हे ॲपच्या गावीही नाही. लॅटवियातल्या रिगाहून सकाळी निघून त्याच दिवशी सावोनलिन्ना असा दिवस ते अजूनही हसतमुखाने आखून देतं. रिगा-टालिन तीनशेच्या वर किलोमीटर, मग बोट, मग हेलसिंकीपासून पुन्हा साडेतीनशेच्या आसपास. सत्तरीच्या भावजींना घेऊन हे करायचं? शिवाय पोलंडमधून लिथुआनियात शिरलं की घड्याळ एक तास पुढे जातं. बोट सुटते स्थानिक वेळेने, आणि ॲप पोचायची वेळ निघालो तिथल्या घड्याळाने दाखवतं. टालिनच्या बंदरावर हा एक तास बोट चुकवायला पुरेसा आहे.

शेवटी मी शीट उघडली आणि समुद्राचं पेट्रोल हाताने वजा केलं. रस्त्याच्या बाजूला जादाचा मुक्काम आणि पाच माणसांची जेवणं धरली. बोट तरीही थोडी महाग राहिली, पण फरक इतका कमी की भावजीच म्हणाले, “दोन दिवस गाडीत अवघडून बसण्यापेक्षा बोटच बरी.” म्हणून जाताना बोट आणि येताना रस्ता असं ठरलं. दोन्हीकडे तळी मिळतात. ट्राव्हेम्युंडेच्या आधी वारेनला मुक्काम, म्युरित्झच्या काठी. पूर्णपणे जर्मनीत असलेलं ते सगळ्यात मोठं सरोवर. परतीच्या वाटेवर पोलंडचं माझुरी, तिथलं श्निआर्डवी सरोवर.

सरोवरांच्या भागातल्या नकाशाने मात्र मन जिंकलं. फिनलंडमध्ये १,८७,८८८ तळी मोजलेली आहेत. सायमाभोवती तर जमीन कुठे संपते आणि पाणी कुठे सुरू होतं तेच कळत नाही, आणि तरीही ॲपने बारीकसारीक रस्ते, पोहायच्या जागा, लाकडी धक्के सगळं दाखवलं, तेही ऑफलाइन. पुनकाहार्यूची ती अरुंद टेकडी, दोन्ही बाजूंना पाणी आणि मधून रस्ता, ती मी फोनवर इतकी मोठी करून पाहिली की ह्यांनी फोन काढून घेतला. तिथे सरकारी रस्त्यांवर लोसी म्हणून पिवळ्या फेरीबोटी असतात, गाडी चढवायची आणि पलीकडे उतरायचं, फुकट. ॲप त्या ‘फुकट’ म्हणून बरोबर ओळखतं! म्हणजे फेरी ओळखता येते. मग पेट्रोल का लावता?

आणखी एक, ॲपबाहेरचं. जुलैमध्ये सावोनलिन्नाच्या ओलाविनलिन्ना किल्ल्यात ऑपेरा महोत्सव असतो. किल्ला १४७५ चा, महोत्सव पहिल्यांदा १९१२ साली झाला. त्या दिवसांत खोल्यांसाठी झुंबड उडते, त्यामुळे आम्ही जूनमध्ये, पण युहान्नुस, म्हणजे तिथला उन्हाळ्याचा सण, टाळून जातोय; तो २० ते २६ जूनमधल्या शनिवारी येतो. त्या सणाला बरीच दुकानं बंद किंवा कमी वेळ उघडी असतात. ॲपमध्ये सुट्ट्यांचं काहीच येत नाही, हे स्वतः बघून घ्या.

मी रिन्यू करत नाहीये. आखलेला मार्ग जीपीएक्स फाइलमध्ये (दुसऱ्या नकाशा ॲपमध्येही उघडते) काढून घेतला, ऑटो-पेमेंट बँकेतून बंद केलं आणि सपोर्टला कारणही कळवलं: पेट्रोलचा रकाना दुरुस्त झाला की त्याच दिवशी पैसे भरीन. फक्त जमिनीवरून जाणार असाल, बडोदा ते मनालीसुद्धा, तर बेलाशक घ्या, पैसे वसूल होतात. बोट मध्ये येत असेल तर ट्रायलचे सात दिवस फुकट असतात, त्यात हजिरा ते घोघा टाका आणि इंधनाचा रकाना उघडून बघा. शून्य दिसलं तर मला जरूर कळवा.