टचपॅड बदलल्याचे साडेसहा हजार

मी मुद्रितशोधनाचे काम करतो. पूर्वी प्रुफांचे गठ्ठे सायकलच्या कॅरिअरला बांधून सदाशिव पेठेतून घरी आणावे लागत. आता तीन-चारशे पानांच्या पीडीएफ ईमेलने येतात आणि टचपॅडवर दोन बोटे फिरवत त्या खाली सरकवत वाचणे, हाच माझा दिवसभराचा उद्योग असतो. त्यामुळे दिवाळीनंतरच्या पहिल्याच सोमवारी कितीही बोटे फिरवली तरी पान जागचे हलेना, तेव्हा माझे धाबे दणाणले. एका बोटाने बाण नीट फिरत होता, क्लिक होत होते, दोन बोटांनी टिचकी मारली की उजव्या क्लिकचा मेनूही उघडत होता. स्क्रोल तेवढे होत नव्हते. हे सगळे मी दुकानदाराला करून दाखवले होते आणि त्याचा अर्थ कळण्याइतके ज्ञान त्या धंद्यातल्या माणसाला असतेच, म्हणून पुढे जे घडले त्याला मी चूक न म्हणता फसवणूक म्हणतो.

दुकान कोथरूडमध्ये, माझ्या घरापासून चालत पाच मिनिटांवर होते. आधी इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारासाठी ओळखल्या जाणाऱ्या तापकीर गल्लीत जावे असे मनात आले होते. परंतु तिथली गर्दी, गाडी लावण्याची पंचाईत आणि ‘तिथे आतले चांगले भाग काढून घेतात’ ही कोणाकडून तरी ऐकलेली भीती, यांमुळे मी काचेच्या दाराच्या, वातानुकूलित दुकानावर विश्वास ठेवला. काउंटरवरच्या तरुणाने दोन बोटे फिरवून पाहिली आणि म्हणाला, “काका, टचपॅड गेलाय. ठेवून जा, खोलून बघतो.” त्याने पासवर्ड विचारला, मी सांगितला, आणि तो त्याने कागदी चिकटपट्टीवर लिहून लॅपटॉपच्या झाकणावरच चिकटवला. त्या यंत्रात तीन लेखकांची अप्रकाशित पुस्तके होती, हे मला घराचा जिना चढताना आठवले.

संध्याकाळी व्हॉट्सॲपवर संदेश आला: ‘टचपॅड चेंज करावा लागेल, ओरिजिनल पार्ट, ६५००.’ हातातले काम अडलेले होते, मी होकार कळवला. दोन दिवसांनी लॅपटॉप मिळाला, स्क्रोल उत्तम होत होते. मी यूपीआयने पैसे दिले आणि बिल मागितले, तेव्हा “बिल केलं तर वर १८ टक्के जीएसटी लागेल, काका, कशाला उगीच?” असे तो इतक्या आपुलकीने म्हणाला की मला ते माझ्याच हिताचे वाटले. काढलेला जुना टचपॅड दाखवा म्हणण्याचे तर मला सुचलेही नाही.

माझ्या टचपॅडच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात एक ओरखडा आहे. दोन वर्षांपूर्वी मुलीच्या कंपासपेटीतले कर्कटक त्यावर पडले, तेव्हाचा तो आहे. चंद्रकोरीएवढा वाकडा, डोळ्यांना चटकन न दिसणारा, पण अंगठा फिरवला की हमखास लागणारा. लॅपटॉप घरी आणल्यानंतर दहाव्या रात्री एक शब्दसूची तपासताना तो अंगठ्याला लागला. मी दिवा जवळ ओढून पाहिले. तोच ओरखडा, त्याच जागी. दुसऱ्यांच्या चुका शोधण्यावर पोट भरणाऱ्या माणसाला स्वतःच्या बोटाखालची गोष्ट कळायला दहा दिवस लागले.

दुसऱ्या दिवशी मी तापकीर गल्लीत गेलो. जिन्याखालच्या जेमतेम दोन हात रुंद टेबलावर काम करणाऱ्या एका वयस्कर कारागिराने माझ्यासमोरच तळाचे झाकण काढले आणि टचपॅडकडून मदरबोर्डकडे जाणाऱ्या चपट्या केबलवर चिमट्याचे टोक टेकवले. त्या केबलच्या टोकावर पिवळी चिकटपट्टी होती आणि तिच्या कडेवर धुळीची सलग रेघ होती. “साहेब, ही पट्टी एकदा उचलली की परत अशी बसत नाही. इथं कोणाचा हात लागलेला नाही,” असे म्हणून त्याने शंभर रुपये घेतले. ज्या गल्लीला मी घाबरत होतो, तिथे काम डोळ्यांदेखत झाले.

मग मुळात बिघडले काय होते? याचे उत्तर भाच्याने फोनवर दिले. दिवाळीत तो आमच्याकडे राहिला होता. “मामा, गेम खेळताना हात लागून स्क्रीन सारखी सरकत होती, म्हणून मीच ते सेटिंगमधून बंद केलं होतं. परत चालू करायचं राहिलं,” असे तो निरागसपणे म्हणाला. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज उघडून ब्लूटूथ अँड डिव्हायसेसमधल्या टचपॅड या पानावर गेले की ‘स्क्रोल अँड झूम’ खाली दोन बोटांनी स्क्रोल करण्याची चौकट असते. त्या चौकटीतल्या एका बरोबरच्या खुणेचे मी साडेसहा हजार मोजले होते.

दोन बोटांच्या टिचकीने मेनू उघडतो, याचा अर्थ टचपॅडला दोन्ही बोटे वेगवेगळी कळत आहेत. अशा वेळी संशय आधी सेटिंगवर आणि नंतर ड्रायव्हरवर, म्हणजे टचपॅड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, घ्यायचा असतो, सुट्या भागावर नव्हे. साधा यूएसबी माउस जोडून त्याच्या चाकाने पान सरकते का, हेही पाहावे. सरकत असेल तर ज्या प्रोग्रॅममध्ये आपण वाचत आहोत तो ठीक आहे. बाण फक्त चार्जर लावल्यावरच थरथरत असेल तर चार्जर काढून पाहावा, कारण अर्थिंग नसलेल्या प्लगमुळेही टचपॅड भरकटतो. टचपॅड वर उचलला गेला असेल किंवा दाबताना अडकत असेल, तर मात्र सेटिंगमध्ये वेळ घालवू नये. अनेक लॅपटॉपमध्ये बॅटरी तिथेच खाली असते आणि ती फुगली की टचपॅड वर ढकलला जातो; अशी बॅटरी टोचायची वा दाबायची नसते, यंत्र बंद करून दुरुस्तीला न्यायचे असते.

मी दुकानात परत गेलो तेव्हा ओरखडा पाहून तो तरुण क्षणभर गप्प झाला आणि मग म्हणाला, “टचपॅड नाही काका, त्याची आयसी, म्हणजे आतली चिप, बदलली.” व्हॉट्सॲपवरचा त्याचाच संदेश दाखवल्यावर मालक बोलतील असे उत्तर मिळाले, मालक काही भेटले नाहीत. तेव्हा मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि स्पीड पोस्टने दुकानाला लेखी नोटीस पाठवली. व्हॉट्सॲपचा संदेश, यूपीआयचा व्यवहार आणि ओरखड्याचे छायाचित्र, असे तीन कागद तिला जोडले. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेचे बिल न देणे हीच अनुचित व्यापारी प्रथा ठरते, तक्रारीसाठी दोन वर्षांची मुदत असते आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणात जिल्हा ग्राहक आयोगाचे शुल्क लागत नाही, एवढेच मी त्यात लिहिले. रागाचा एकही शब्द घातला नाही, आणि मुद्रितशोधकाला शोभेल अशी ती तीनदा वाचून पाठवली.

आठव्या दिवशी मालकांचा स्वतःहून फोन आला. मुलगा नवीन आहे, गैरसमज झाला, असे ते म्हणाले आणि ‘तपासणीचे’ आठशे रुपये कापून ५७०० रुपये त्यांनी परत केले. आठशेसाठी भांडत बसण्याचे त्राण माझ्यात उरले नव्हते. त्या आठशेचे रीतसर बिल मात्र मी काउंटरसमोर उभे राहून करून घेतले, आणि निघण्यापूर्वी झाकणावरची पासवर्डची पट्टी त्यांच्यादेखत सोलून काढली. ती इतके दिवस तशीच होती.