आइन्स्टाइन अ‍ॅट होम: डीटीपीच्या दुकानात पावसाळा ते उन्हाळा

वसमतला माझं डीटीपी आणि झेरॉक्सचं दुकान आहे. लग्नसराई आणि फॉर्म भरायचे दिवस सोडले तर दुपारभर कॉम्प्युटर नुसता चालू असतो. गेल्या पावसाळ्यात त्यावर बॉइंक टाकलं आणि आइन्स्टाइन अ‍ॅट होम हा अवकाशातले सूक्ष्म तरंग शोधणारा प्रकल्प जोडला. आता उन्हाळा लागलाय, मशीन अजून काम करतंय. आमच्या भागातली वीज, ऊन, धूळ आणि इंटरनेट धरून हे चालवायचं कसं, ते लिहितोय.

बॉइंक हे बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात तयार झालेलं फुकट सॉफ्टवेअर. ते आपल्या मशीनवर संशोधनाचं काम आणतं, मशीन रिकामं असेल तेव्हा गणित करतं आणि उत्तर परत पाठवतं. प्रकल्प आपण निवडायचा. ऑक्सफर्डचा हवामानाचा आहे, युरोपातल्या सर्न प्रयोगशाळेचा कण-त्वरकाचा (अणूंचे कण प्रचंड वेगाने आदळवणाऱ्या यंत्राचा) आहे, टोरांटोहून चालणाऱ्या वर्ल्ड कम्युनिटी ग्रिडवर कॅन्सरचं काम आहे. मी आइन्स्टाइन घेतला तो औंढ्यामुळे. आमच्याच हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ, लायगो-इंडियाची, म्हणजे गुरुत्वीय तरंग (अवकाशात उठणाऱ्या सूक्ष्म लहरी) पकडणारी वेधशाळा उभी राहणार आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २,६०० कोटींना मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा असलेलं तसंच यंत्र अमेरिकेत हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन इथे आहे, आणि त्यांच्याच नोंदी आइन्स्टाइन अ‍ॅट होम आपल्यासारख्यांच्या मशीनवर पाठवतं. औंढ्याला दर्शनाला जाणारा माणूस म्हणून मला हे फार जवळचं वाटलं.

काम नेमकं काय चालतं, हे कळल्यावर मजा वाढते. १४ सप्टेंबर २०१५ ला लायगोने पकडलेला पहिला गुरुत्वीय तरंग दोन कृष्णविवरांच्या धडकेचा होता, सेकंदाच्या आत संपलेला. आइन्स्टाइन अ‍ॅट होम शोधतं ते वेगळं: स्वतःभोवती गरागरा फिरणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्यातून (मोठा तारा संपल्यावर उरलेल्या अतिघन गोळ्यातून) अखंड येणारा, अतिशय क्षीण तरंग. तारा अगदी गोल असेल तर असा तरंग निघत नाही. पृष्ठभागावर मिलिमीटरहून कमी उंचवटा असला तरी निघू शकतो. तो ऐकायचा तर महिनोन् महिन्यांची नोंद एकत्र करावी लागते. पण तेवढ्या काळात पृथ्वी सूर्याभोवती फिरते, त्यामुळे तरंगाची वारंवारता किंचित सरकत राहते, आणि किती सरकेल ते तारा आकाशात कुठे आहे यावर ठरतं. तारा कुठे आहे तेच माहीत नाही. म्हणून आकाशाचा एकेक ठिपका धरायचा, त्या ठिपक्यापुरती दुरुस्ती करायची, मग एकेक वारंवारता, मग फिरण्याचा वेग किती मंदावतोय त्याचा एकेक अंदाज. ठिपके असंख्य, म्हणून गणितं असंख्य. एखाद्या संस्थेच्या संगणकाला ते झेपत नाही आणि आपल्यासारख्यांची गरज तिथे खरोखर आहे.

असा अखंड तरंग अजून कुणालाच सापडलेला नाही. याच प्रकल्पातून रेडिओ आणि गॅमा किरणांच्या नोंदींतून मात्र नव्वदहून जास्त नवे न्यूट्रॉन तारे सापडलेत. पहिला ऑगस्ट २०१० मध्ये जाहीर झाला. त्याचं नाव पीएसआर जे२००७+२७२२, आणि तो सेकंदाला जवळपास ४१ फेऱ्या मारतो. तो ज्या नोंदीत सापडला ती पोर्तो रिकोमधल्या अरेसिबोच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीची, २००७ सालची होती. तो ज्या संगणकांवर सापडला त्यांतला एक अमेरिकेतल्या आयोवातल्या एका जोडप्याचा आणि दुसरा जर्मनीतल्या माइन्झच्या एका गृहस्थाचा होता. अरेसिबोची दुर्बीण डिसेंबर २०२० मध्ये कोसळली, पण तिच्या जुन्या नोंदी त्यानंतरही लोकांच्या मशीनवर तपासल्या गेल्या.

त्या पहिल्या शोधात दोन मशीन होती, त्याला कारण आहे आणि मला या सगळ्यात सर्वांत पटलेली गोष्ट तीच. प्रत्येक काम सहसा दोन अनोळखी लोकांकडे जातं. दोघांची उत्तरं जुळली तरच ग्राह्य धरतात, नाही जुळली तर तिसऱ्याकडे पाठवतात. माझ्या खात्याच्या पानावर मी एकेक काम उघडून पाहतो, तेव्हा जोडीदार मशीन दिसतं. मालकाचं नाव लपवलेलं नसेल तर तेही. कुठल्या तरी देशातल्या त्या माणसाचं उत्तर आणि वसमतच्या दुकानातलं उत्तर जुळलं की समोर ‘व्हॅलिड’ लागतं. आपण दिलेलं कुणीतरी तपासून घेतलं याचं समाधान मोठं आहे. केलेल्या कामाचे गुण म्हणजे क्रेडिट, त्याचे आकडे वाढत राहतात, पैसे मिळत नाहीत, आणि ते मिळावेत असं एकदाही वाटलं नाही.

आता दुकानदारीचं बोलू. कोरल हे डिझाइनचं सॉफ्टवेअर उघडलं, पत्रिका लावली तरी बॉइंकने अडवणूक केलेली नाही. ते खालच्या प्राधान्याने चालतं, आपल्याला ताकद लागली की बाजूला होतं. तरी मोठी फ्लेक्स फाइल एक्सपोर्ट करताना फरक जाणवायचा. मग ‘कॉम्प्युटर वापरात असताना थांबव’ हा पर्याय चालू केला आणि प्रोसेसरच्या चारपैकी दोनच कोअर (गणित करणारे भाग) दिले. प्रोसेसरच्या वेळेची टक्केवारी कमी करण्यापेक्षा कोअर कमी करणं बरं. टक्केवारीने काम सारखं चालू-बंद होतं आणि पंखा कमी-जास्त घोंघावतो, तो आवाज डोक्यात जातो.

लाइट गेली तर? आमच्याकडे जातेच. काम मधूनमधून स्वतःची नोंद डिस्कवर ठेवतं, त्यामुळे लाइट आल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरू होत नाही, थोडंसंच मागे जातं. डेस्कटॉप यूपीएसवर असेल तर यूएसबीची तार जोडल्याशिवाय बॉइंकला तो बॅटरीवर आहे हे कळत नाही, म्हणून लाइट गेल्या गेल्या मी हातानेच थांबवतो. लॅपटॉपवर ते आपोआप थांबतं. काम परत द्यायला साधारण दोन आठवडे मुदत असते, त्यामुळे एक-दोन दिवस दुकान बंद राहिलं तरी बिघडत नाही.

विजेचा हिशेब स्वतः करून बघा. पूर्ण लोडवर मशीन १०० वॅट खात असेल तर दहा तासांना एक युनिट, महिन्याला तीस. घरगुती मीटरवर महिन्याचा वापर १०० युनिटांच्या वर गेला की पुढच्या युनिटांचा दर एकदम चढतो, हे ध्यानात ठेवून तास ठरवा. ज्यांच्या छपरावर सोलर आहे त्यांना दुपारची वेळ उत्तम. उन्हाळ्यात मात्र मराठवाड्यात दुपारी चालवू नका. पारा ४२ वर गेला की पत्र्याखालच्या दुकानात प्रोसेसर तापतो. मी मार्चपासून वेळापत्रक बदलून सकाळी दुकान उघडल्यापासून अकरापर्यंतच चालू ठेवलंय. महिन्यातून एकदा ब्लोअरने धूळ काढतो. हळदीच्या हंगामात तर जास्तच काढावी लागते, बाजारातून येणारी पिवळी पूड पंख्याच्या पात्यांवर बसते.

तक्रारी दोन. गुरुत्वीय तरंगांच्या कामाला लागणाऱ्या फाइल मोठ्या असतात. एकदा आलेली फाइल बऱ्याच कामांना पुरते हे खरं, पण मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असाल तर दिवसाचा डेटा सकाळीच संपेल. ब्रॉडबँड नसेल तर बॉइंकमध्ये डेटाची मर्यादा घालून ठेवा. दुसरी तक्रार मोठी: आपण तपासलेल्या आकाशाच्या तुकड्याचं पुढे काय झालं हे साध्या भाषेत कुणी सांगत नाही. संशोधनपत्र निघतं, ते इंग्रजीत आणि जाणकारांसाठी. फॉर्म भरायला आलेली कॉलेजची पोरं स्क्रीनसेव्हरवरचा आकाशाचा फिरता गोल बघून विचारतात, ‘दादा, हे काय चालूय?’ त्यांच्या हातात द्यायला मराठीतलं एक पानही नाही. मग मीच कागदावर ठिपके काढून समजावतो.

लोक अशा कामाला येतात, हे २०२० मध्ये दिसलं. करोनाच्या साथीत फोल्डिंग अ‍ॅट होमला या अशाच दुसऱ्या प्रकल्पाला दहा लाखांहून जास्त लोकांनी मशीन दिली आणि सगळ्यांची मिळून ताकद एक्झास्केलवर, म्हणजे सेकंदाला एकावर अठरा शून्यं इतक्या गणितांवर गेली. विषाणूच्या प्रथिनांच्या हालचालींचं गणित त्यावर झालं. आमच्याकडची लॅब असलेली कॉलेजं संध्याकाळनंतर बंद असतात. प्राचार्यांची लेखी परवानगी घेऊन, फक्त हिवाळ्यात, दोन-दोन कोअर दिले तरी जिल्ह्याच्या नावावर चांगलं काम होईल. बॉइंकमध्ये टीम करता येते. हिंगोलीची टीम औंढ्याचं यंत्र सुरू होण्याआधीपासून असावी, ही माझी मनापासूनची इच्छा आहे. परवानगीशिवाय मात्र ऑफिसच्या मशीनवर टाकू नका. वीज आणि मशीन दोन्ही दुसऱ्याचं असतं.

डेस्कटॉप नसलेल्यांनी जुन्या अँड्रॉइड फोनपासून सुरुवात करावी. चार्जरला लावलेला आणि बॅटरी ९० टक्क्यांच्या वर असलेला फोनच काम करतो, आणि फाइलची ने-आण वायफायवरच होते, बॉइंक तशी काळजी आधीच घेतं. कव्हर काढून ठेवा, उशीखाली किंवा खिडकीत उन्हात ठेवू नका, आणि पहिला आठवडा एकाच कोअरवर चालवून फोन किती तापतो ते हाताने बघा.