फुल काड्या दाखवून ६८०० ला गंडवलं, वायफाय नीट करायला आलेला माणूस

आम्ही घोडबंदर रोडला कासारवडवलीजवळ टॉवरमध्ये राहतो, टू बीएचके. राहायला आल्यापासून हॉलमध्ये वायफाय एकदम कडक आणि आतल्या बेडरूममध्ये रडारड, कधी तीन काड्या कधी एक, कधी नुसतं गोल गोल फिरतंय. बायकोचं आठवड्यातले तीन दिवस घरून काम, दार लावून आत बसते, आणि समोरचे सारखे म्हणणार आवाज तुटतोय तुझा. मग तो राग निघणार कुणावर, तर माझ्यावर.

तर एका शनिवारी वैतागून मी नेटवर आमच्या फायबर कंपनीचं नाव आणि पुढे कस्टमर केअर ठाणे असं टाकलं आणि जो पहिला नंबर आला तो फिरवला. इथेच माती खाल्ली. कंपनीचा खरा नंबर बिलावर छापलेला असतो, त्यांच्या ॲपमध्ये असतो, पण ॲप उघडायचा कंटाळा. पलीकडचा माणूस इतका गोड बोलला की विचारू नका, तासाभरात माणूस पाठवतो म्हणाला आणि खरंच पाठवला. गळ्यात आयकार्ड, पाठीवर बॅग. आयकार्डावर काय लिहिलंय ते मी वाचलंच नाही, आता आठवून काय उपयोग.

आल्या आल्या म्हणाला, "सर मेट्रोच्या कामामुळे ह्या पट्ट्यात सगळ्यांचाच सिग्नल डिस्टर्ब आहे." मी पण मान हलवली, कारण रस्ता किती खणलाय ते रोज बघतोच की. खणताना फायबर तुटली तर नेट पूर्णच जातं आणि डब्यावर लाल लाईट लागते, हॉल ते बेडरूममधल्या सिग्नलशी मेट्रोचा काडीचा संबंध नाही, हे डोक्यात आलं चार दिवसांनी.

मग त्याने मोबाईलवर एक मीटरचं ॲप उघडलं आणि बेडरूमच्या बाथरूममध्ये शिरला, दार जवळजवळ लोटलेलं, हात खाली कमोडपाशी. काटा लाल, आकडा उणे ८४. "बघा सर, राउटरची पॉवर गेलीये." मग बॅगेतून एक पांढरा चौकोनी प्लग काढला, दोन अँटेनावाला, बेडच्या बाजूच्या सॉकेटला लावला, पाच मिनिटं काहीतरी टाईप केलं आणि त्याच्यापासून हातभर अंतरावर उभा राहून परत ॲप दाखवलं. हिरवा काटा, उणे ३८. बायको म्हणाली बघ, किती दिवस सांगत होते. बूस्टरचे ६५०० आणि व्हिजिटचे ३००. यूपीआय केलं तर नाव भलत्याच कुणाचं आलं, मी विचारलं, तो म्हणाला आमचे अकाउंटंट आहेत सर. जीएसटी बिल व्हॉट्सॲपवर येणार होतं, ते अजून येतंय.

सोमवारी मीटिंगमध्ये काड्या फुल आणि व्हिडिओ अडकलेलाच. स्पीड बघितला तर आमचा प्लॅन २०० एमबीपीएसचा आणि आतमध्ये १४. त्या नंबरवर फोन केला, आधी उचलला, मग कट, मग बिझी.

आमच्या मजल्यावर एक काका आहेत, एमटीएनएलमधून रिटायर झालेले. त्यांना बोलावलं तर त्यांनी प्लगकडे बघितलं आणि हसले. म्हणाले, "अरे बाबा, ह्या काड्या तुझ्या मोबाईलपासून ह्या डबीपर्यंतच्या. डबीला राउटरकडून काय पोचतंय ते ह्यात कुठे दिसतंय?" हा सगळा खेळच तिथे होता. जिथे सिग्नल आधीच मेलेला तिथेच रिपीटर, म्हणजे तो बूस्टरचा प्लग, लावला, तो मेलेला सिग्नलच पुढे ओरडून सांगणार. लावायचाच तर अर्ध्या वाटेत लावतात, आणि तरीही असला स्वस्तातला एकाच चॅनेलवर, म्हणजे सिग्नलच्या एकाच पट्ट्यात, ऐकतो आणि त्याच चॅनेलवर बोलतो, म्हणून स्पीड जवळपास निम्मा होतो.

उणे आकड्याचं पण सांगतो, शून्याच्या जितकं जवळ तितकं चांगलं. उणे ६५ च्या आसपास व्हिडिओ कॉल आरामात चालतो, ८० च्या पलीकडे गेलं की संपलं. पण आकडा घेताना माणूस कुठे उभा आहे ते बघा, मी फक्त काटा बघत बसलो.

खरं कारण काय निघालं? आमचा राउटर टीव्हीच्या मागे, युनिटच्या कप्प्यात, सेट टॉप बॉक्सला चिकटून. आणि हे टॉवर मायवानचे, म्हणजे साच्यात काँक्रीट ओतून बांधलेले, आतल्या भिंतीसुद्धा सगळ्या काँक्रीटच्या, खिळा ठोकायला ड्रिल लागतं. राउटर दोन बँडवर, म्हणजे दोन फ्रिक्वेन्सींवर सिग्नल सोडतो, ५ आणि २.४ गिगाहर्ट्झ. ५ असल्या भिंतींपुढे हात टेकतं. २.४ जरा आत जातं, पण त्यात आजूबाजूच्या फ्लॅटची एवढी गर्दी की काकांच्या मोबाईलवर एकवीस नावं दिसली, निम्मी चॅनेल ६ वर, आम्ही पण त्यातच. आणि दोन्ही बँडना एकच नाव दिलेलं, त्यामुळे लॅपटॉप ह्याच्यावरून त्याच्यावर उड्या मारत होता, काड्या वरखाली व्हायचं ते म्हणून.

काकांनी राउटर पॅसेजच्या तोंडाशी उंचावर आणला, २.४ चॅनेल ११ वर टाकलं, दोन बँडना वेगळी नावं दिली, आणि बायकोच्या टेबलापर्यंत कॅट सिक्सची, म्हणजे नेटची वायर स्कर्टिंगच्या कडेने नेली. वायर, क्लिपा सगळं धरून साडेपाचशे रुपये. काकांनी चहा घेतला फक्त.

प्लग काढून मुलीच्या हातात दिला तर तिने नखाने मागचा स्टिकर उचकटला. वर १२०० एमबीपीएस ड्युअल बँड, खाली कंपनीचा मूळ स्टिकर, ३०० एमबीपीएस, म्हणजे नुसता २.४ वाला. तसाच ऑनलाईन शोधला, ९०० ला आहे.

त्या सोललेल्या स्टिकरचा फोटो मी सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. दहा मिनिटांत बी विंगमधून सेम डबीचे दोन फोटो आले, आणि चौथ्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, माझ्याकडे दोन आहेत, दोन्ही काढू का?